चुन्याची निवळी आणि दोन बाटल्या: पुण्याच्या हवेत प्रवाळांना कॅल्शियम देताना

सीकेम कंपनीची ‘रीफ फ्यूजन १’ आणि ‘रीफ फ्यूजन २’ ही बाटल्यांची जोडी मी वर्षभरापासून माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वापरत आहे. पहिल्या बाटलीतून कॅल्शियम मिळते आणि दुसरीतून अल्कलिनिटी, म्हणजेच प्रवाळांना आपला सांगाडा बांधण्यासाठी लागणारे कार्बोनेट. त्याआधीचे संपूर्ण वर्ष मी केवळ चुन्याच्या निवळीवर काढले होते. हा अभिप्राय बाटल्यांविषयी असला तरी निवळीला वगळून त्यांचे मोल सांगता येणार नाही, कारण पुण्यात ज्यांच्या घरी प्रवाळांची टाकी आहे त्यांच्यापुढचा खरा प्रश्न या दोन्हींचा मेळ ऋतूनुसार कसा घालायचा हा आहे, आणि त्याचे उत्तर मला दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेल्यावरच सापडले.

टाकी कोथरूडमधील आमच्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात आहे. लांबी चार फूट. दगड आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करून खालच्या संपसह (पाणी फिरवणारा पंप असलेल्या छोट्या टाकीसह) त्यात सुमारे २४० लिटर पाणी राहते. माँटिपोरा आणि युफिलिया हे कठीण सांगाड्याचे प्रवाळ आणि मागच्या काचेवर पसरलेले, चुनखडीचा थर बनवणारे जांभळे कोरलाइन शैवाल हे या टाकीतील कॅल्शियमचे ग्राहक आहेत. काही झोअँथसही आहेत, पण त्या मऊ प्रवाळांना सांगाडा नसतो.

समुद्राच्या पाण्यात, क्षारता ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ) असताना, कॅल्शियम साधारण ४१० ते ४२० पीपीएम (म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम), मॅग्नेशियम १,३०० पीपीएमच्या आसपास आणि अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच (हे अल्कलिनिटीचे एकक) असते. घरच्या टाकीत आपण कॅल्शियम ४०० ते ४५० आणि अल्कलिनिटी ७ ते १० यांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न करतो. प्रवाळ सांगाडा बांधतात तेव्हा या दोन गोष्टी ठरलेल्या प्रमाणातच वापरल्या जातात: अल्कलिनिटी २.८ डीकेएचने घटली की कॅल्शियम जवळपास २० पीपीएमने घटते. माझ्या टाकीत दिवसाला सुमारे १.२ डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते, म्हणजे कॅल्शियम साडेआठ पीपीएमच्या आसपास. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ४२० पीपीएमच्या साठ्यातून साडेआठ गेले तर तो साठा दोन टक्क्यांनी कमी होतो. मात्र ८ डीकेएचमधून १.२ गेले तर एका दिवसात पंधरा टक्के साठा संपतो. म्हणून पूरक देण्यात चूक झाली की ती आधी अल्कलिनिटीत दिसते आणि कॅल्शियमचा आकडा आठवडाभर शांत राहून आपली दिशाभूल करतो. दुकानात जाऊन ‘कॅल्शियमची बाटली’ मागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन की बाटलीच्या आधी अल्कलिनिटी मोजण्याचे साधन घ्यावे.

मी अल्कलिनिटीसाठी हॅना कंपनीचा डिजिटल चेकर आणि कॅल्शियमसाठी सॅलिफर्टचा किट वापरतो. सॅलिफर्टच्या किटमध्ये कुपीतील पाणी आधी गुलाबी होते आणि सिरिंजमधून थेंब थेंब सोडताना ते जांभळट होत होत एका क्षणी स्वच्छ निळे होते; सिरिंजवरील ०.०१ मिलिलिटरची एक रेघ म्हणजे ५ पीपीएम. हा बदल पिवळ्या बल्बच्या प्रकाशात नीट कळत नाही. मी कुपी खिडकीजवळ, पांढऱ्या कागदासमोर धरतो आणि निळा रंग आल्यावर आणखी एक थेंब टाकून पाहतो. रंग आणखी बदलला नाही तरच आधीचा आकडा खरा मानतो. मोजणी रोज एकाच वेळी करावी, कारण दिवे लागल्यानंतर आणि विझल्यानंतर टाकीचे रसायन वेगळे असते.

आता बाटल्यांकडे वळतो. रीफ फ्यूजनची मला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे तिची तीव्रता स्पष्ट सांगितलेली आहे: पहिल्या बाटलीच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि दुसरीच्या एका मिलिलिटरमध्ये ४.४ मिलिइक्विव्हॅलंट (अल्कलिनिटी मोजण्याचे आणखी एक एकक) अल्कलिनिटी. हे दोन आकडे हाती असले की कोणाच्या सल्ल्याची गरज उरत नाही. प्रत्येकाला आपल्या टाकीचे माप स्वतः काढता येते. १ डीकेएच म्हणजे लिटरमागे ०.३५७ मिलिइक्विव्हॅलंट. माझ्या २४० लिटरला रोजचे १.२ डीकेएच भरून काढायचे तर सुमारे १०३ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे दुसऱ्या बाटलीतून २३ मिलिलिटर लागतात, आणि कॅल्शियमसाठी पहिल्या बाटलीतून २१ मिलिलिटरच्या आत-बाहेर. या हिशेबाने अर्ध्या लिटरची बाटली तीन आठवड्यांत संपते. दोन्ही बाटल्यांवर पूर्णपणे अवलंबून राहणे मोठ्या टाकीला परवडणारे नाही, ते या एका वाक्यात आले.

परिणामाच्या बाबतीत मात्र माझी काहीही तक्रार नाही. द्रावण स्वच्छ आहे, तळाला गाळ बसत नाही आणि हिशेबाने काढलेला आकडा मोजणीत जवळपास तसाच उतरतो. एकदा कॅल्शियम ३८० वर आले होते. ते ४२० वर नेण्यासाठी हिशेबाने पहिल्या बाटलीतून ९६ मिलिलिटर लागत होते, ते मी चार दिवसांत विभागून दिले आणि पाचव्या दिवशी सॅलिफर्टच्या सिरिंजने ४२० दाखवले.

एक काळजी न विसरता घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात मी संपच्या एकाच कप्प्यात आधी दुसऱ्या बाटलीचे आणि लगेच, दोन मिनिटांच्या आत, पहिल्या बाटलीचे द्रावण ओतले. जिथे धार पडली तिथे पाणी ढवळलेल्या ताकासारखे पांढरे झाले, ते पंपाने वर ओढले आणि काही क्षणांत पूर्ण टाकी धूसर झाली. आई बाहेरच्या खोलीतून आली आणि म्हणाली, “अरे, टाकीत दूध सांडलं का?” ते दूध म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट होते. जे प्रवाळांच्या सांगाड्यात जायचे ते वाळूवर आणि पंपाच्या पंख्यावर बसले, आणि दुसऱ्या दिवशी अल्कलिनिटी वाढण्याऐवजी घटलेली निघाली. तेव्हापासून पहिली बाटली सकाळी आणि दुसरी संध्याकाळी, दोन्ही संपमधील जोरदार प्रवाहाच्या जागी आणि सावकाश, हा नियम मी मोडलेला नाही. ही खबरदारी या जातीच्या सर्वच द्रावणांना लागू आहे.

चुन्याची निवळी आपल्याकडे शाळेतच ओळखीची होते. नळीतून फुंकर मारली की निवळी दुधाळ होते, हा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे, आणि टाकीत निवळी वापरताना नेमके तेच लक्षात ठेवावे लागते: हवेतील कार्बन डायऑक्साइडने ती निकामी होत जाते. एक लिटर आरओच्या पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळते; त्याहून जास्त टाकले तर ते तळाला बसते. अशा संपृक्त निवळीच्या एका लिटरमध्ये सुमारे ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्याच्या जोडीची अल्कलिनिटी आपोआप योग्य प्रमाणात मिळते, म्हणजे एक लिटर निवळी ही पहिल्या बाटलीच्या आठ मिलिलिटरच्या तोडीची. ती टाकीत कोणतेही जादा मीठ मागे ठेवत नाही, पीएच वर उचलते आणि खर्च नगण्य आहे. पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखा जो पापुद्रा येतो तो मोडू नये, कारण तो खालच्या निवळीला हवेपासून वाचवतो. तळाचा गाळही ढवळून टाकीत जाऊ देऊ नये.

यासाठी पानाच्या टपरीवरील चुना मुळीच वापरू नये. त्यात काय मिसळले आहे याची खात्री नसते. मी प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध दर्जाचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणतो. या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. ती डोळ्यांत उडाली तर गंभीर इजा होते, म्हणून ती तयार करताना चष्मा आणि हातमोजे घालावेत आणि डबा लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

पहिल्या वर्षी मी निवळी थेट टॉप-अपच्या टाकीत भरली, म्हणजे बाष्पीभवनाने जेवढे पाणी उडेल तेवढीच निवळी आपोआप आत जाईल. ही पद्धत सर्वत्र प्रचलित आहे आणि जिथे हवा वर्षभर सारखी असते तिथे ती चालतही असेल. पुण्यात ती चालत नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी ठणठणीत असते, दुपारी पारा चाळीशीला टेकतो आणि पाणी २६ अंशांवर ठेवण्यासाठी संपवर पंखा लावावा लागतो. कोरड्या हवेत पंखा उत्तम काम करतो, पण त्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. मे महिन्यात माझ्या टाकीतून दिवसाला चार लिटर पाणी उडते. तेवढी संपृक्त निवळी गेली की अल्कलिनिटी रोज १.९ डीकेएचने वाढते आणि प्रवाळांचा खर्च मात्र १.२ च असतो. त्या उन्हाळ्यात आठवड्याभरात अल्कलिनिटी ८ वरून साडेअकरावर गेली, माँटिपोराच्या वाढत्या कडा पांढऱ्या पडल्या आणि हीटरच्या नळीवर गीझरच्या कॉइलवर चढतो तसा खरखरीत पांढरा थर चढला.

जुलैमध्ये सगळे उलटे झाले. पाऊस लागला, खिडक्या बंद झाल्या, पंख्याची गरज संपली आणि बाष्पीभवन दीड लिटरवर आले. दीड लिटर निवळीतून फक्त ०.७ डीकेएच मिळतात. टाकी अगदी छान दिसत असल्यामुळे मी दहा दिवस मोजणी केली नव्हती. केली तेव्हा अल्कलिनिटी ८.१ वरून ५.४ वर आली होती आणि कॅल्शियम तरीही ४०० होते. युफिलियाच्या मिटलेल्या शुंडिका पाहताना मला जे वाटले ते येथे लिहिण्याची गरज नाही. ज्यांनी नखाएवढा तुकडा दोन वर्षे वाढवला आहे त्यांना ते कळेल.

बाटल्यांचे खरे मोल मला या पावसाळ्याने शिकवले. आता मी निवळी टॉप-अपच्या टाकीत भरत नाही. पावसाळ्यात जेवढे बाष्पीभवन हमखास होतेच, म्हणजे दीड लिटर, तेवढीच निवळी वर्षभर रोज डोसिंग पंपाने, म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेले माप सोडणाऱ्या पंपाने, देतो, आणि ती रात्री देतो, कारण दिवे बंद असताना टाकीचा पीएच सर्वांत खाली असतो आणि बंद खिडक्यांच्या घरात माणसांच्या श्वासामुळे तो आणखी उतरतो. उन्हाळ्यात त्याहून जास्त जे पाणी उडते ते साध्या आरओच्या पाण्याने भरून निघते. राहिलेली अर्ध्या डीकेएचची तूट बाटल्यांमधून: दुसरीतून दहा मिलिलिटर, पहिलीतून साडेआठ. अर्ध्या लिटरची बाटली आता तीन आठवड्यांऐवजी सात आठवडे पुरते आणि मे असो वा जुलै, हॅनाच्या पडद्यावर ७.८ ते ८.४ यांच्या बाहेरचा आकडा मी अनेक महिन्यांत पाहिलेला नाही.

बाटल्यांच्या द्रावणाचा एक परिणाम हळूहळू साठत जातो. पहिल्या बाटलीच्या कॅल्शियम क्लोराइडमधील क्लोराइड आणि दुसरीच्या सोड्यातील सोडियम मागे उरतात, म्हणजे शेवटी साधे मीठच. माझी पूर्ण गरज मी बाटल्यांमधून भागवली असती तर महिन्याला सुमारे १८० ग्रॅम मीठ टाकीत वाढले असते. सध्याच्या मापाने ते ७५ ग्रॅम होते. दर पंधरवड्याला पाणी बदलताना रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता तपासली की हे सहज आवरते.

हेच द्रावण घरी करता येत नाही का, असा प्रश्न अनेक जण विचारतात. करता येते, आणि मी करून पाहिले. कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेटमध्ये वजनाने २७ टक्के कॅल्शियम असते; ते पाण्यात टाकले की बाटली हाताला चांगलीच गरम लागते, म्हणून काचेची पातळ बरणी वापरू नये. दुसऱ्या भागासाठी खायचा सोडा चालतो, १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम. बेकिंग पावडर मात्र चालत नाही. अडचण कॅल्शियम क्लोराइडच्या दर्जाची आहे. पोत्यातून सुटे मिळणारे औद्योगिक क्लोराइड मी वापरणार नाही, आणि शुद्ध दर्जाचे आणले तर ते पुण्याच्या पावसाळ्यात सांभाळणे कठीण जाते: हे दाणे हवेतील ओल इतक्या हावरेपणाने शोषतात की झाकण नीट न बसलेल्या डब्यात दोन दिवसांनी दाण्यांच्या जागी पाणी दिसते, आणि मग एका चमच्यात नेमके किती क्लोराइड आहे ते सांगता येत नाही. ज्यांची टाकी ५०० लिटरच्या वर आहे त्यांनी आणल्या दिवशीच पूर्ण डब्याचे मोजून द्रावण करून ठेवावे. त्यांच्यासाठी घरचे द्रावण स्वस्तच पडेल. माझ्या मापाच्या टाकीला सात आठवड्यांनी एक जोडी घेणे जास्त सोयीचे वाटते.

मॅग्नेशियमविषयी थोडक्यात. एकदा पूरक देऊनही कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही टिकेनात. मोजल्यावर मॅग्नेशियम १,१२० निघाले. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक आपोआप वाढू नयेत याला पाण्यातील मॅग्नेशियम अटकाव करते. ते घटले की आपण ओतलेले कॅल्शियम प्रवाळांऐवजी पंपांवर बसते. रोज ५० पीपीएमच्या आत वाढवत ते १,३०० वर नेले आणि अडचण सुटली.

डोसिंग पंप घेताना एकच गोष्ट पाहावी: वीज गेल्यानंतर तो आपले घड्याळ आणि दिलेले माप लक्षात ठेवतो का. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याची पुणेकरांना सवय आहे. माझा पहिला पंप, ज्याचे नाव घेण्यात अर्थ नाही, वीज परत आली की मध्यरात्र समजून दिवसाचा डोस पुन्हा पहिल्यापासून देत असे. पंपाची रबरी नळी झिजते, त्यामुळे मी दर महिन्याला एक मिनिट पंप चालवून मोजपात्रात किती द्रावण पडते ते पाहतो. निवळीची नळी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की आतला पांढरा थर निघून जातो.

पाणी मात्र आरओ आणि डीआयमधून (उरलेसुरले क्षार काढणाऱ्या टप्प्यातून) गाळलेलेच हवे. आमच्या सोसायटीत खडकवासल्याचे पाणी येते तेव्हा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) शंभरच्या आसपास दाखवतो, पण उन्हाळ्यात टँकर आला की तोच आकडा सातशेच्या पुढे जातो. ते पाणी थेट टाकीत घातले तर वर केलेल्या सर्व हिशेबांना अर्थ राहत नाही.

ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण २००१ पासून आहे. माझ्याकडील तुकडे परदेशात शेतीतून वाढवलेले आणि रीतसर आयात झालेले आहेत, त्यांची कागदपत्रे मी जपून ठेवली आहेत, आणि कागदपत्रांशिवाय कोणी ‘कोकणातला माल’ म्हणून प्रवाळ देऊ केले तर ते घेऊ नयेत. मालवणच्या समुद्रात, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पाण्यात उतरून ते जिवंत पाहावेत. तेथील एक तुकडाही पुण्याच्या टाकीत येता कामा नये.

या बाटल्या कोणी घेऊ नयेत, हेही सांगतो. टाकीत फक्त मासे, मश्रूम, झोअँथस किंवा लेदर यांसारखे मऊ प्रवाळ असतील तर चांगल्या दर्जाच्या मिठाने आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे पुरते. दुकानदार बाटली हातात देईल, पण आधी सलग सात दिवस, काहीही न घालता, अल्कलिनिटी मोजावी. ती रोज ०.२ डीकेएचपेक्षा कमी उतरत असेल तर बाटली दुकानातच राहू द्यावी. अर्ध्या डीकेएचपर्यंत उतरत असेल तर नुसती निवळी पुरेल, पण तीही बाष्पीभवनावर न सोडता मोजून द्यावी. त्याहून जास्त उतरू लागली, काचेवर कोरलाइनचे जांभळे ठिपके दिसू लागले आणि माँटिपोराच्या कडेला वाढीची नवी पांढरट किनार आली, की अर्ध्या लिटरची एक जोडी आणावी आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी.